लेकीचं प्रोटीन

माझी मुलगी मागाच्या खटखटाटात गाढ झोपायची, याचं आमच्या घरी मोठं कौतुक होतं.

मोहाडीतलं आमचं घर विणकरांचं. समोरच्या लांब खोलीत दोन हातमाग, मागे स्वयंपाक आणि झोपायची जागा. एका मागावर सासरे बसायचे, दुसऱ्यावर माझा नवरा. मी सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सकाळच्या बसने तुमसर, तिथून दुसऱ्या गाडीने सिहोरा. बाळंतपणाची रजा संपली तशी मुलीला सासूबाईंच्या हवाली करून मी निघायला लागले. सासूबाई पाळणा मागाच्या खोलीतच टांगायच्या, म्हणजे धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता पोरीवर नजर राहील. दोन्ही माग सुरू झाले की घरात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. पोरगी मात्र मुठी उघडून निवांत झोपलेली असायची. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "पाहा न, विणकराची नात आहे. मागाचा आवाज म्हंजे हिची अंगाई."

ती जन्मली तेव्हाच तिच्यात काही गोष्टी वेगळ्या होत्या. डाव्या डोळ्यातली काळी बाहुली गोल नव्हती, खाली ओघळल्यासारखी लांबट होती. कानाच्या पाळ्या जवळजवळ नव्हत्याच. हृदयात एक छिद्र होतं, ते नागपूरच्या डॉक्टरांनी ती अगदी लहान असताना बंद केलं. त्या ऑपरेशनच्या दिवसांत आम्ही इतके घाबरलो होतो, की ती धडधाकट घरी आल्यावर आम्हाला वाटलं, जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. आता काही नाही.

मग एका दुपारी मागाला बांधलेल्या लोखंडी वजनाचा दोर तुटला आणि ते पाळण्याच्या बाजूला फरशीवर आदळलं. रविवार होता, मी घरीच होते. सासूबाई किंचाळल्या. मामाजी मागावरून उठून धावले. मी आतून पळत आले तेव्हा फरशीला तडा गेलेला होता आणि मुलगी जागीच होती. स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून पाहत होती. तिने मान वळवली नव्हती. पापणीसुद्धा हलली नव्हती.

मामाजींनी पाळण्याजवळ जाऊन जोरात टाळी वाजवली. परत वाजवली. मग ते मागावर जाऊन बसले, पण त्यांनी माग सुरू केला नाही.

नागपूरला तपासण्या झाल्या. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्याने थोडं. डाव्या कानाला यंत्र बसवलं. पहिल्यांदा यंत्र सुरू केलं तेव्हा ती दचकून रडली, आणि तिच्या रडण्याने मला जो आनंद झाला तसा आनंद मला पुढे फार कमी वेळा झाला.

पण ती बसायला उशिरा शिकली आणि उभं राहणं तर जमेचना. पायांत जोर होता. धरलं की उभी राहायची, सोडलं की कुठल्याही बाजूला कलंडायची. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो हिच्यात तयारच झालेला नाही. ती डोळ्यांनी आणि तळपायांनी तोल शिकेल, वेळ लागेल.

हा वेळ लागण्याचा काळ घरात कठीण गेला. सासूबाई वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना कारण हवं होतं. "पोटुशी असताना गिराणात तू शाळेत गेली होतीस," त्या मला म्हणायच्या. "मी नाही म्हटलं होतं. आमच्या घरात असं कोनाले नाही." मग माझ्या माहेरचा विषय निघायचा. माझं माहेर लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी, शेतकऱ्याचं घर. माझ्या एका चुलत आत्याला ऐकू कमी यायचं हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. मी विज्ञान शिकवत होते. ग्रहणाचं खरं नाही हे मला माहीत होतं. तरी बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या आत्याचा विचार करायचे, आणि मला वाटायचं, असेलही, माझ्याकडूनच आलं असेल.

मामाजींनी मात्र कारण शोधलं नाही. आमच्याकडे विणायच्या आधी सूत बाहेर गल्लीत लांबच लांब ताणून, खळ लावून वाळवतात. त्याला ताणा म्हणतात. कमरेएवढ्या उंचीवर बांबूच्या काठ्यांवर घट्ट ताणलेली सुताची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा मामाजी खळीचा ब्रश फिरवत होते आणि मुलगी ओट्यावरून घसरत येऊन ताण्याला धरून उभी राहिली. काही धागे तुटले. नवरा धावला. मामाजींनी त्याला हाताने थांबवलं.

"राहू दे. धागा जोडता येते."

ती ताणा धरून एक पाऊल चालली. मग आणखी. एका हाताने सूत धरलेलं, दुसरा हात हवेत. ओल्या खळीने तिचे दोन्ही हात माखले. शेवटच्या काठीपर्यंत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायला आली होती, आणि तिच्या मागोमाग मामाजी तुटलेले धागे जोडत येत होते. तिथून पुढे ताणा लावला की त्याची एक कड तिच्यासाठी ठेवलेली असायची. काठ्यांवर ते तिच्या उंचीला वेगळी सुतळीही बांधू लागले. ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा सुतळीशिवाय चालत होती, पाय रुंद टाकत, बदकासारखी, पण चालत होती.

त्याच सुमाराला नागपूरला एक नवीन डॉक्टर बाई आल्या. आनुवंशिक आजारांच्या. तोपर्यंत डोळ्याचे डॉक्टर डोळा पाहायचे, हृदयाचे हृदय, कानाचे कान. या बाईंनी पहिल्यांदा सगळं एकत्र पाहिलं. त्यांनी मुलीचे कान पाहिले, डोळ्यात बॅटरी टाकली, मग मला विचारलं, "हिला वास येतो का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता. मग माझा नवरा हळूच म्हणाला, "मच्छी बाजारातून जाताना ही नाक दाबत नाही. आमाले वाटलं, आवडते हिले."

बाईंनी रक्त घेतलं. मुलीचं, माझं, नवऱ्याचं. काही आठवड्यांनी बोलावलं. या वेळी मामाजीही आले, हट्टाने. बाईंनी टेबलावरचा कागद बाजूला सारला आणि तोंडीच समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांब धागा असतो, तो सुटा नसतो, छोट्या छोट्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जो भाग वाचायचा तिथलं रीळ थोडं सरकवावं लागतं. ते काम करणारी प्रोटीनं असतात. त्यातलं एक मोठं प्रोटीन, त्याचं नाव सीएचडी-सेव्हन. बाळ पोटात असताना डोळा, कान, हृदय, नाक घडत असतात, तेव्हा ते फार लागतं. ते बनवायची कृती डीएनएत लिहिलेली असते, आणि तुमच्या मुलीत त्या कृतीतलं एक अक्षर बदललेलं आहे.

"कोनाकडून आलं?" मामाजींनी विचारलं.

"कोणाकडूनच नाही. आईत नाही, वडिलांतही नाही. हा बदल तिच्यातच पहिल्यांदा झाला. असं कोणाच्याही बाळाला होऊ शकतं. कोणी काही खाल्लं, केलं, कुठे गेलं, म्हणून होत नाही."

मामाजी माझ्याकडे वळले. "आयकलं का बाई? घरी जाऊन मी सांगतो सगळ्याइले."

त्यांनी सांगितलंही. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. ऐकून त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघाले तेव्हा माझ्या डब्यात त्यांनी स्वतः केलेली लाखोळीच्या पाल्याची भाजी होती, जी मला आवडते आणि त्यांना करायचा कंटाळा. माझ्या त्या आत्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला खात राहिली. त्या म्हणाल्या होत्या, "बदल सापडलाय, पण हाच कारण आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नेमका हा बदल अजून कोणात नोंदलेला नाही. काही अक्षरं बदलली तरी प्रोटीन ठीक चालतं. हे तसलं आहे की बिघडलेलं, हे कळायला ते प्रोटीन बनवून पाहावं लागेल."

"बनवता येतं?" मी विचारलं.

"पुण्याला एक संशोधक आहे, ती हेच बनवते. तिला विचारते मी."

सुट्ट्या लागल्यावर आम्ही तिघं भंडारा रोड स्टेशनवरून पुण्याच्या गाडीत बसलो. मुलगी सगळा वेळ खिडकीच्या गजाला गाल टेकवून होती. गाडीची थरथर तिला गालातून कळायची. पुण्यात उतरलो तेव्हा तिच्या गालावर गजाचा लाल वळ होता.

संशोधक म्हणजे कोणी पिकल्या केसांच्या बाई असतील असं मी धरून चालले होते. दारात आली ती तिशीतली मुलगी, साताऱ्याकडची, पायात स्लीपर. "या की ताई, आधी चहा घ्या," म्हणाली. मुलीशी ती खाली बसून, तोंड समोर ठेवून, सावकाश बोलली. डॉक्टर बाईंनी तिला सांगितलं असावं. मुलीने लगेच तिचा हात धरला.

मग तिने आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. एका कपाटासारख्या यंत्रात काचेचे चंबू गोल गोल डोलत होते. आत पिवळसर पाणी, किंचित गढूळ.

"या पेशी आहेत," ती म्हणाली. "जिवंत. माणसाच्या नाहीत, अळीच्या."

"कसली अळी?"

"लष्करी अळी. अमेरिकेतली, मक्यावर पडते ती. फार वर्षांपूर्वी तिच्या कोषातून घेतलेल्या पेशी, तेव्हापासून वाढतच आहेत. जगभर वापरतात."

माझा नवरा हसायला लागला. लष्करी अळी म्हटल्यावर भंडाऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धानाची बांदी, बांध घातलेलं शेत येते, एका रात्रीत पानं कुरतडून टाकलेली. आमच्याकडची जात वेगळी, पण नाव तेच. त्याने मुलीला खुणेने अळी करून दाखवली, बोट वाकवत, वाकवत. मुलगीही बोट वाकवायला लागली.

संशोधकाने समजावलं. फक्त अळ्यांनाच होणारा एक विषाणू असतो. त्याच्या आत माणसाच्या प्रोटीनची कृती घालायची आणि विषाणू या पेशींवर सोडायचा. पेशींना काय, त्या हुकूम पाळतात. माणसाचं प्रोटीन बनवत राहतात, शेवटी मरतात. मग पेशी फोडायच्या आणि त्या काल्यातून आपलं प्रोटीन तेवढं वेगळं काढायचं. ओळखायला त्याच्या टोकाला आधीच एक शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीला धरणारे बारीक मणी नळीत भरलेले असतात. बाकी सगळं वाहून जातं, हे अडकतं.

"सोपं वाटतंय ऐकायला," मी म्हटलं. मी शिक्षिका, मला वाटलं हे मी नववीच्या वर्गालाही सांगू शकेन.

ती हसली. "ताई, हे प्रोटीन इतकं मोठं आहे की बनता बनता तुटतं. सुरुवातीला मला नुसते तुकडे मिळायचे. आमचे सर म्हणाले, सोडून दे, अर्ध्या लांबीचं कर, पुष्कळ जण तसंच करतात. मी म्हटलं, मुलांच्या अंगात अर्ध्या लांबीचं नसतं ना. थंडी थोडी वाढवून पाहिली, मीठ बदलून पाहिलं, घाई करून पाहिली. गाळता गाळता कितीदा वाटायचं, आज मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर वर काहीच नाही, सगळं खाली."

वर आणि खाली म्हणजे काय ते तिने दाखवलं. एका चित्रात निळ्या रेघांची शिडी होती. मोठी प्रोटीनं वर थांबतात, लहान तुकडे खाली उतरतात. जुन्या चित्रांत खाली नुसता निळा पसारा. नवीन चित्रात अगदी वर, एकटी, ठसठशीत एक रेघ.

"हे आहे ते?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"हे आहे."

मग तिने जाड हातमोजे घातले आणि मोठ्या फ्रीजचं दार उघडलं. आतून धुरासारखी थंड वाफ आली. तिने एक लहानशी प्लास्टिकची नळी काढून बर्फाच्या डब्यात ठेवली. करंगळीच्या पेराएवढी. आत पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी गोठलेलं. नळीवर बारीक अक्षरात नाव, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, फक्त संशोधनासाठी.

मी किती वेळ ते पाहत होते कोण जाणे. माझ्या मुलीत जे पुरेसं नव्हतं, ते माझ्यासमोर होतं. मी हात लांब केला असता तर पोचला असता.

नवऱ्याने विचारलं ते मीही विचारणारच होते. "मॅडम, हे हिला देता नाही येत का?"

तिला हा प्रश्न नवा नसणार. "नाही," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. हे टोचलं तरी पेशीच्या आत जाणार नाही. आणि याचं मोठं काम हिच्या जन्माआधीच होऊन गेलं. जितकं झालं तितकं. पण ज्या बदलाबद्दल तुमच्या डॉक्टरांना शंका आहे, तो बदल घालून मी हेच प्रोटीन बनवू शकते. हिचं. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहू, कोण कसं काम करतं ते."

"त्याने काय होईल?"

"तुम्हाला उत्तर मिळेल. आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या मुलात हा बदल सापडला, तर त्यांना पहिल्याच दिवशी मिळेल."

माझ्या नवऱ्याने मुलीला जवळ घेतलं. मग म्हणाला, "करा मॅडम." मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग संशोधकाकडे, आणि तिनेही मान हलवली. आम्ही तिघंही हसलो. संशोधक हसली नाही. तिने मुलीशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा.

परतल्यावर, पावसाळ्यात, मुलीला घेऊन मी दिघोरीला बाबांकडे गेले. नातीला काय झालंय हे त्यांना सांगायचं होतं. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपले होते आणि ते पाठीवर पंप घेऊन बांधावरून येत होते. ओसरीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं, रीळ, धागा, प्रोटीन. ते भिंतीला टेकून ऐकत होते. लष्करी अळीचं नाव आलं तसे ते ताठ बसले.

"थांब थांब. ते अळी? आमी इथं तिच्यावर फवारून फवारून थकलो, अन् तू म्हनतेस तिच्या पोटात मानसाचं परोटीन बनवून राहिले?"

"हीच नाही बाबा, तिची अमेरिकेतली बहीण. आणि पोटात नाही, पेशीत."

"बहीन तर बहीन." त्यांनी नातीला जवळ ओढलं. "कायले मारून राहिलो मग मी त्या अळीले?" आणि एवढं हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसता पुसता, हसण्यातून की कशातून कळलं नाही, म्हणाले, "मारीन त मी तरीबी. धान तर खाऊ देनार नाही. पन एखादी दिसली त सोडून देईन, तुह्या पोरीच्या नावानं."

मग बरेच महिने पुण्याहून निकाल आला नाही. एकदा संशोधकाने कळवलं, पेशींना बुरशी लागली, सगळे चंबू फेकावे लागले, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा कळवलं, प्रोटीन तयार झालंय पण तुटतंय. या सगळ्या काळात आमची पोरगी वाढत होती. ती ओठ वाचायला शिकली. मी, नवरा आणि मामाजी खुणांची भाषा शिकलो, शनिवारी भंडाऱ्याला जाऊन. सासूबाई आल्या नाहीत, पण त्यांनी घरच्या घरी स्वतःच्या खुणा काढल्या. डाळीसाठी एक, भातासाठी एक, 'आता मार देईन' साठी एक. मुलीला त्या सगळ्यांत जास्त कळायच्या.

फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात. पलीकडचा आवाज दमलेला पण उल्हसित होता.

"ताई, मिळालं. पूर्ण लांबीचं. आणि मी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"आम्ही इथे छोटी छोटी रिळं बनवतो, डीएनए गुंडाळलेली. नेहमीचं प्रोटीन टाकलं की रिळं सरकतात. तुमच्या मुलीचं टाकलं. ते रिळाला धरतं, बरोबर धरतं. पण सरकवत नाही. म्हणजे सरकवतं, फार सावकाश. तीनतीनदा करून पाहिलं. शंका नाही. कारण हेच आहे."

व्हरांड्यात मुलं आरडाओरडा करत होती. मी दुसऱ्या कानावर हात धरला. खरं तर ती वाईट बातमी होती. माझ्या मुलीचं प्रोटीन बिघडलेलं आहे हे आता पक्कं झालं होतं. पण माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. इतकी वर्षं आम्ही एका मागोमाग एका दाराशी उभे होतो, आणखी एक तपासणी, आणखी एक डॉक्टर, कोणाच्या सांगण्यावरून आणखी एक देऊळ. आता उभं राहायची गरज नव्हती. काय झालंय ते माहीत होतं. पुढे काय सांभाळायचं तेही नागपूरच्या बाई सांगू शकत होत्या, वयात येताना हिला हार्मोनची मदत लागेल, त्याची तयारी आतापासून ठेवू.

"बंद नाही ना?" मी फोनवर विचारलं. "सावकाश, पण चालतं?"

"चालतं," ती म्हणाली. "बंद नाही."

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा मामाजींनी मला दोनदा सांगायला लावलं. मग मुलीला बोलावून खुणांनी त्यांनी तिला सांगितलं, त्यांच्या जाड, सुताने चिरलेल्या बोटांनी. तुझं आहे. हळू चालते. मुलीने उत्तर दिलं, आणि मामाजी मोठ्याने हसले. काय म्हणाली असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "म्हणते, मी पन."

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. पुन्हा असं होण्याची भीती फार नाही हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी मी नऊ महिने नीट श्वास घेतला नाही. तो जन्मल्या जन्मल्या असा रडला की दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या, "हे त साऱ्या मोहाडीले आयकू जाईल."

संशोधकाचा फोन पुन्हा आला तो वेगळ्याच कारणाने. पवनीकडचं एक जोडपं आहे, ती म्हणाली. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता नवीन वसाहतीत राहतात, नवरा धरणात मासेमारी करतो. त्यांची मुलगी काही महिन्यांची आहे. बदल त्याच प्रोटीनमध्ये, अगदी जवळच्या जागी. तुमच्या मुलीचा निकाल हाताशी होता म्हणून डॉक्टरांना त्यांचं लवकर कळलं. "आई फार घाबरलीय ताई. मी तिला विज्ञान सांगितलं. बाकीचं तुम्ही सांगाल का?"

एका रविवारी ते आले. नवरा उंच, काळासावळा, दाराशीच उभा राहिला. बायको विशीतली, बाळ घट्ट कवटाळलेलं. पिशवीत आमच्यासाठी मासे होते, पानात गुंडाळलेले. सासूबाईंनी ते हातात घेतले आणि काही न विचारता चिरायला बसल्या.

ती बाई बाळाचं दुपटं पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली. मी चहा दिला, तो निवला. मग माझी मुलगी शेजारच्या घरून आली. रुंद पावलं टाकत, कानात यंत्र, हातात बर्फाचा गोळा, फ्रॉकवर लाल डाग. नवीन पाहुणे पाहून थबकली, मग सरळ बाळाजवळ जाऊन बसली आणि गोळ्याचा थंड हात स्वतःच्या फ्रॉकला पुसून बाळाच्या पायाला लावला. बाळाने पाय आखडला. परत लावला. बाळ हसलं.

"हेच का?" त्या बाईने मला विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "हिलेच होतं?"

"हिलेच," मी म्हटलं.

"शाळेत जाते?"

"जाते. मारामारीपन करते."

ती माझ्या मुलीकडे पाहत राहिली. "कधी चालली?"

मी सांगितलं. उशिरा, पडत पडत, कसं ते सगळं. डॉक्टरांनी हिला काय काय शिकवायला सांगितलं, कुठल्या शिबिरात यंत्र मिळतं, पहिल्या वर्षी सर्दी-कफापासून छाती कशी जपायची, दूध नाकातून येतं तेव्हा कसं धरायचं. दुधाचं सांगितल्यावर ती एकदम रडली. म्हणाली, "तेच होते. मले वाटलं, मलेच पाजता येत नाही."

"नाही ग," मी म्हटलं. "असं उभं धरायचं. दे इकडे."

मी बाळ घेतलं आणि दाखवलं. तिचा नवरा दारातून आत आला आणि वाकून पाहायला लागला. माझी मुलगी त्याला खुणेने सांगत होती, असं, असं नाही, असं. त्याला काही कळत नव्हतं, पण तो मान हलवत होता. आतून सासूबाईंनी हाक मारली, मासे झाले, आधी जेवून घ्या सगळे. त्या बाईने बाळ माझ्याकडेच राहू दिलं, तोंडावर पाणी मारलं आणि पाटावर बसून पोटभर जेवली. दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.